बकऱ्यानं नेलेला डबा

१

निशिकांत रोज संध्याकाळी ऑफिसातून आला की घरातल्या घरात ओमानला जाऊन येत असे.

ही थाप नव्हे. थापांसाठी तो प्रसिद्ध होता हे खरं, आणि सिंगापूरच्या मराठी मंडळींत 'निशिकांतनं सांगितलं' म्हटलं की ऐकणारा आपसूक निम्मं वजा करायचा, हेही खरं. पण ओमानचं तसं नव्हतं. तोआ पायोहच्या जुन्या ब्लॉकमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये, मागच्या छोट्या खोलीत एक ट्रेडमिल होती आणि तिच्यासमोर भिंतीवर टीव्ही. चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत दिवसभर इतरांचे हिशेब तपासून तो घरी येई, टाय सोडे, चालायचे बूट चढवी, टीव्हीवर ती घळ लावी आणि पट्ट्यावर पाय ठेवी.

घळ वाळवंटातली. दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेच्या रंगाचे कडे, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, खाली गोटे, वाळू आणि मधूनच कुठून आलं कळू नये असं हिरवं पाणी. नीलिमाचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, भाऊ विनायक मस्कतला असतो. एका डिसेंबरात त्याच्याकडे गेले असताना दोघं नवरा-बायको ही घळ एका दिवसात चालून गेले होते. विनायकनं सकाळी एका तोंडाशी सोडलं आणि संध्याकाळी दुसऱ्या तोंडाशी गाडी लावून तो वाट बघत बसला. निशिकांतला तेव्हा छातीवर बांधायच्या कॅमेऱ्याचं नवं वेड लागलेलं. त्यामुळे ती अख्खी पायपीट जशीच्या तशी उतरली होती.

उतरली म्हणजे काय, तर नीलिमाची पाठ उतरली होती. कारण ती पुढे आणि हा मागे. जांभळी टोपी, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोपीवरून हनुवटीखाली बांधलेली ओढणी, करडी सॅक आणि उजवा पाय किंचित बाहेर टाकत चालायची तिची ती लकब. तासन्‌तास तेवढंच. आवाज बुटांखालच्या खड्यांचा आणि याच्या धापा टाकण्याचा.

रोज थोडं थोडं चालायचं असा त्यानं नेम लावून घेतला होता. सोमवारी घळीत शिरायचं. गुरुवारच्या सुमारास जेवण यायचं: सपाट खडक, नीलिमानं विनायकच्या स्वयंपाकघरात पहाटे उठून केलेल्या दशम्या, लसणाची चटणी आणि माहेरचा कडीचा स्टीलचा डबा. जेवण झाल्यावर निशिकांत तो डबा पाण्यात विसळायला वाकतो आणि डबा त्याच्या हातून सुटतो. कॅमेरा छातीवर, त्यामुळे गुन्हेगाराचे हात अगदी स्पष्ट दिसतात. डबा दोन गिरक्या घेतो आणि मोठ्या दगडाखाली जातो तो जातोच.

आणि रविवारी घळ संपायची. कडे दूर सरतात, उन्हाचा एक मोठा तुकडा समोर पडलेला असतो, लांब विनायकची गाडी दिसते. तिथं निशिकांतचा स्वतःचा आवाज येतो. डब्याबद्दल मेव्हण्याला काय सांगायचं याची तो रंगीत तालीम करत असतो. "एक बकरा आला. दाढीवाला. त्यानं कडीत तोंड घातलं, डबा उचलला आणि ऑफिसला निघाल्यासारखा कड्यावर चढून गेला."

तेव्हा नीलिमा वळते. सबंध घळीत एकदाच. ओढणीच्या चौकटीत तिचा उन्हानं लाल झालेला चेहरा येतो, ती हसते आणि म्हणते, "काहीही हं तुमचं."

तेवढं झालं की कॅमेऱ्याची बॅटरी संपते. निशिकांत पट्टा थांबवायचा, घाम पुसायचा आणि सोमवारची वाट बघायचा.

२

नीलिमा गेली त्याला ऑगस्टात वर्ष होणार होतं. दुपारी ऑफिसातून तिनं फोन केला, डोकं फार दुखतंय म्हणाली. संध्याकाळी ती नव्हती. यात सांगण्यासारखं काही नाही, आणि निशिकांतनंही कधी कुणाला सांगितलं नाही. एरवी शेंगदाण्याएवढ्या गोष्टीचा नारळ करणारा माणूस, पण या गोष्टीला त्यानं हात लावला नाही.

लोकांना वाटायचं की निशिकांतच्या गप्पा निशिकांतच्या असतात. त्या दोघांच्या असत. तो सांगायचा, की बिशानच्या तलावातलं पाणमांजरांचं कुटुंब एके सकाळी त्याच्याबरोबर एमआरटी मेट्रोत चढलं आणि दारापाशी नीट रांगेत उभं राहिलं. सगळे हसत. मग तो थांबे. अगदी एक घोट पाण्याएवढा. त्या जागेत नीलिमा ताटातून मान वर न करता म्हणायची, "काहीही हं तुमचं. पाणमांजर तलावात होतं आणि हे पुलावर." आणि तेव्हा खरं हसू फुटायचं. तीस वर्षं तो ती जागा राखून थापा मारत आला होता. तिनं त्याचं एक वाक्य खरं मानलं नाही. लग्न ठरताना त्यानं सांगितलेला पगारसुद्धा.

जुलैत सेरंगूनला चारुदत्त आणि स्मिताकडे रविवारचं जेवण होतं. वर्षभर हे जोडपं बोलवत होतं, तो टाळत होता. या वेळी इरानं ओढून नेलं. इरा त्याची मुलगी, चोवीस वर्षांची, इथेच शाळा-कॉलेज झालेली, त्याच्याबरोबरच राहणारी.

आमटीच्या दुसऱ्या वाटीला चारुदत्त म्हणाला, "निशिकांत, तो बकरा सांग ना. ह्या नव्या लोकांनी ऐकलेला नाही."

निशिकांतनं सांगितला. वर्षभराचा गंज होता, पण हात बसलेला. दाढी आली, कडी आली, कड्यावरची ऐटदार चाल आली. लोक हसले. मग सवयीनं तो थांबला.

जागा रिकामीच राहिली. कुणीतरी चमचा ठेवला. स्मिता घाईघाईनं म्हणाली, "भात घ्या ना, भावजी." आणि ती जागा बुजवायची म्हणून निशिकांत पुढे बोलत सुटला. बकऱ्यानं वर जाऊन झाकण उघडलं. वास घेतला. चटणी बाजूला सारली, कारण त्याला पित्ताचा त्रास होता. आणि जाताना वळून नीलिमाला मान लववली.

परत येताना बसमध्ये इरा खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "बाबा, व्हिडिओच्या शेवटी आई वळते, राइट?"

"वळते."

"मी नाही बघू शकले अजून. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी दाखवाल? फक्त तेवढंच. मला तिचं ते 'काहीही हं' ऐकायचंय. माझ्या फोनवर तिचे सगळे मेसेज 'दूध आण' आणि 'पोचलीस का' असेच आहेत."

"दाखवतो," निशिकांत म्हणाला.

"प्रॉमिस? तुमच्या टाइपचं नाही, नॉर्मल प्रॉमिस."

"नॉर्मल."

३

त्या गुरुवारी ट्रेडमिलवर चालताना त्याला घंटा ऐकू आली.

बारीक, पत्र्याची, गळ्यात बांधतात तशी. आधी त्याला वाटलं, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी फोन. मग कळलं की टीव्हीतून येतेय. ओमानात बकऱ्या असतातच, त्यात काय. इतके आठवडे आपल्या धापांत ती ऐकू आली नसेल.

जेवण आलं. दशम्या झाल्या. आता हात डबा घेऊन पाण्याकडे वाकणार. पण हात वाकले नाहीत. ते गुडघ्यांवर स्वस्थ पडून होते, आणि डबा खडकावर. डावीकडून चौकटीत एक दाढी आली. तिनं कडीत तोंड घातलं.

निशिकांतचा पाय चुकला. तो पट्ट्यावरून मागे फेकला गेला आणि कपाटाला धडकला. पट्टा रिकामाच फिरत राहिला. टीव्हीवर बकरा कडा चढत होता, ऑफिसला निघाल्यासारखा. वर पोचून त्यानं मान वळवली आणि लववली. खाली नीलिमाची पाठ उभी होती. ती वर बघतच नव्हती.

तो हिशेब तपासणारा माणूस. त्यानं लॅपटॉपवरची प्रत उघडली. बकरा होता. मूळ कार्ड काढलं. तिथंही होता. मग त्यानं मस्कतला फोन लावला.

"विनायक, आपला तो डबा कसा गेला रे?"

"बकऱ्यानं नेला ना," विनायक म्हणाला. "तूच तर सांगितलंस. का?"

"काही नाही." खरंच की. विनायकला तो तरी कुठे खरं बोलला होता. डबा हातातून सुटला हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातलं एक आता नव्हतं. दुसऱ्याच्या शब्दाला तीस वर्षांत कुणी किंमत दिलेली नव्हती. निशिकांत बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. सुटला होता ना? ओलं स्टील बोटांवरून सरकल्याचं त्याला आठवत होतं. आठवत होतं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये अनीश शेजारी येऊन बसला. नुकताच पुण्याहून आलेला, हुशार, बोलका. निशिकांतच्या घरचं त्याला काही ठाऊक नव्हतं.

"सर, रोज हॉकर सेंटरचंच पार्सल? काकू डबा नाही देत?"

खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मग त्या पोराचा घास अडला असता, तो सॉरी म्हणाला असता, आणि निशिकांतलाच त्याची समजूत काढावी लागली असती.

"डबा बकऱ्यानं नेलाय," निशिकांत म्हणाला. "ती आणायला गेलीय. येईल आज-उद्या."

अनीश मनापासून हसला. निशिकांत थांबला, एक घोट पाण्याएवढा. कुणी काही म्हणालं नाही.

४

पुढच्या आठवड्यात नीलिमा घळीत लांब लांब जायला लागली.

आधी ती चार पावलं पुढे असायची. आता वळणापाशी टोपी दिसायची आणि वळण घेतलं की पुढच्या वळणापाशी. निशिकांत पट्ट्याचा वेग वाढवायचा. पण कॅमेरा आपल्याच वेगानं जाई, जसा तो त्या दिवशी गेला होता. निशिकांत नुसताच धापा टाकी. टीव्हीत एक निशिकांत, पट्ट्यावर एक, आणि पुढे कुणी नाही.

मंगळवारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची नवी भाडेकरू, पांढऱ्या केसांची चिनी आंटी, हातात संत्र्यांची पिशवी. तक्रार करायला येताना फळं आणणारी माणसं इथे अजून आहेत.

"अंकल, यू एक्सरसाइज कॅन लाह," ती म्हणाली. "बट टू पीपल सेम टाइम, माय फॅन ऑल्सो शेकिंग."

"टू पीपल?"

"वन गॉट शूज." तिनं दोन बोटं कॉरिडॉरच्या कठड्यावर चालवून दाखवली. "वन नो शूज. नो शूज वन, यू स्टॉप ऑलरेडी, शी स्टिल वॉकिंग. किचन, हॉल, किचन."

निशिकांतच्या मागे फ्लॅट शांत होता. समोरच्या ब्लॉकच्या खिडक्यांतून बांबूंवर वाळत घातलेले कपडे हलत होते.

"माय वाइफ," तो म्हणाला. "सॉरी, आंटी. शी डझन्ट वेअर स्लिपर्स इन द हाउस. आय विल टेल हर."

आंटीनं समाधानानं मान हलवली आणि पिशवी पुढे केली. "फॉर यू अँड वाइफ."

दार लावून तो तिथंच उभा राहिला. किती सोपं होतं ते. वर्षभर तो 'होती' म्हणत आला होता. त्या शब्दाशी दर वेळी जीभ अडखळायची, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा. आणि इथं एका वाक्यात ती घरात अनवाणी फिरत होती, नवरा तिच्या वतीनं माफी मागत होता आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

संत्री ठेवायला तो स्वयंपाकघरात गेला. सिंकशेजारच्या जाळीवर भांडी निथळत होती: त्याचा कप, इराची बशी. आणि कडीचा एक स्टीलचा डबा, धुऊन उपडा घातलेला. तळाशी पोचा होता, आणि कडीवर बारीक दातांच्या खुणा.

५

भुताखेतांवर निशिकांतचा विश्वास नव्हता. असल्या कथा त्यानं स्वतःच इतक्या रचल्या होत्या की त्यांचे टाके कुठे असतात हे त्याला पाठ होतं. तो स्वतःला म्हणाला, डबा इरानं बाजारातून आणला असेल. म्हणाला, जुन्या इमारतीत आवाज इकडचा तिकडे जातो. आणि हे सगळं मनात म्हणत असताना संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा लावायचं तो टाळू लागला.

सिंगापुरात बाराही महिने सातच्या सुमारास अंधारतं. त्या वेळी हॉलमध्ये खुर्ची अमुक कोनात ठेवली, की स्वयंपाकघराच्या दारातून सिंकसमोरची जागा दिसायची. तिथं पाठ असायची. टोपी, हनुवटीखाली गेलेली ओढणी, करडी सॅक. घरात सॅक कशाला, असं त्याच्या मनात आलं. मग लक्षात आलं, की त्याच्याजवळ तिची पाठ तेवढीच होती. सॅकसकट.

इरा साडेआठनंतर यायची. तोवर ती जागा रिकामी झालेली असे.

तो उठून जवळ गेला नाही. भीती होती. पण खरं सांगायचं तर, उठलो आणि ती गेली तर काय घ्या, हे जास्त होतं. पाठ तर पाठ, तो स्वतःला म्हणाला. आमचा संसार तसाही मी बोलतोय आणि ती पाठमोरी काहीतरी करतेय, असाच गेला की.

रविवारी तो घळीच्या शेवटाशी पोचला. कडे दूर सरले. उन्हाचा तुकडा आला, विनायकची गाडी आली. मधल्या वाळूत कुणी नव्हतं. टीव्हीतला निशिकांत त्या रिकाम्या वाळूला सांगत होता, "एक बकरा आला. दाढीवाला..." गोष्ट संपली. तो थांबला, एक घोट पाण्याएवढा.

आणि पट्ट्यावरच्या निशिकांतच्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून, नीलिमाचा आवाज आला.

"हो. तसंच झालं."

त्याचे केस उभे राहिले ते आवाजामुळे नव्हे. आवाज तिचाच होता, थोडा सर्दी झालेला असायचा तसा. शब्दांमुळे उभे राहिले.

पट्टा थांबवून तो हॉलमध्ये येऊन बसला. "नीलिमा," तो हळूच म्हणाला, "आज मला चांगीवरून येताना एमआरटीत पाणमांजरं भेटली. तिकीट तपासनीस होती."

"हो. तसंच झालं."

"मी पुलाऊ उबिन बेटावरून पोहत आलो. दातांत पेपर धरून."

"हो. तसंच झालं."

"मी शाळेत पहिला यायचो."

पाठ हलली नाही. "हो. तसंच झालं."

निशिकांत मग सांगतच सुटला. एकाहून एक. मगरीला त्यानं दाढी करायला शिकवलं, बँकेच्या चेअरमनला विळीवर नारळ खवायला शिकवला. त्याला एकच हवं होतं. कुठेतरी तिला असह्य व्हावं. तिनं म्हणावं, पुरे आता, जेवायला बसा. पण प्रत्येक वेळी त्याच चालीत, तितक्याच मायेनं, त्याचं सगळं खरं मानलं जात होतं. शेवटी त्याला रडू आलं आणि रडतरडत तो म्हणाला, "मी ठीक आहे."

"हो," स्वयंपाकघर म्हणालं. "तसंच झालं."

६

वर्षश्राद्धाचा दिवस रविवारीच आला. सकाळी गुरुजी येऊन गेले. चारुदत्त-स्मिता आले, जेवले, निघाले. हॉलमध्ये नीलिमाच्या फोटोला हार होता आणि घरभर तुपाचा, उदबत्तीचा वास. दुपारचं कडक ऊन खिडकीतून थेट भिंतीपर्यंत आलं होतं.

इरानं केस बांधले, जमिनीवर मांडी घातली. "ओके बाबा. मी तयार आहे."

सकाळी सगळे येण्याआधी निशिकांतनं मागच्या खोलीत घळ लावून पाहिली होती. शेवटाशी नुसती वाळू. आताही त्यानं आत जाऊन शेवटच्या टप्प्यापासून लावून दिली, कारण काहीतरी करणं भाग होतं. कडे, गोटे, वाळू. मग तो बाहेर आला. काय सांगायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं. छोटीशी, साधी थाप. आयुष्यातली सगळ्यात साधी.

"इरा, ते कार्ड खराब झालंय बेटा. शेवटचं उडालंय."

स्वयंपाकघरात नळ सुटला.

"हो. तसंच झालं."

इराचा चेहरा निशिकांत कधी विसरणार नव्हता. त्यावर भीती नव्हतीच. वर्षभर धरून ठेवलेलं सगळं तिथून एकदम सुटलं, आणि ती पुन्हा पाच वर्षांची झाली.

"आई?"

ती उठून दारापर्यंत गेली होती. दुपारच्या उजेडात सिंकसमोर पाठ उभी होती. हात डबा धूत होते. टोपीचा जांभळा रंग टीव्हीत दिसायचा त्याहून थोडा फिका होता. इरानं हाक मारली तसे हात थांबले आणि उजवा खांदा वळायला लागला.

निशिकांत दोन ढांगांत तिथं पोचला आणि त्यानं इराचं मनगट पकडलं.

"सोडा, बाबा. ती वळतेय."

ती वळत होती. खांदा आला, सॅकचा पट्टा आला. टोपीच्या कडेखाली आता गाल दिसायला हवा होता. ओढणीची गाठ दिसायला हवी होती. निशिकांत बघत राहिला. ती वळत होती, वळतच होती, आणि टोपीखाली अजून पाठच येत होती.

"इरा," तो म्हणाला, "तुझ्या आईनं माझं कधीही, काहीही खरं मानलं नाही."

"सो?"

"सो ही आई नव्हे."

मग तो त्या पाठीशी बोलायला लागला. त्याला असं बोलायची सवय नव्हती, शब्द वाळलेल्या कणकेसारखे निघत होते. "बकरा नव्हता. डबा मी पाडला. विसळायला वाकलो आणि हातातून सुटला. तू म्हणालीस, असू दे, जुना झाला होता. पण तो तुझ्या आईचा होता, तू पुढे काही वेळ बोलली नाहीस." खांदा थांबला. "पाणमांजर तलावात होतं. मी पुलावर होतो. मी शाळेत पहिला कधीच आलो नाही. अनीशला मी खोटं सांगितलं, तू डबा आणायला गेलेली नाहीस. आणि खालच्या आंटीला..."

इरा मनगट सोडवायला ओढत होती, पण त्याच्याकडे बघतही होती. त्याला कळत होतं, की पुढचं वाक्य बोललं की स्वयंपाकघर रिकामं होणार. चपला न घालता फिरणारं घरात कुणी उरणार नाही. बोललं नाही, तर तिचं ते एक हसू, जे त्यानं पोरीला कबूल केलं होतं, या टोपीखाली कायमचं बुजून जाणार.

"मी नीलिमाला मंडाईच्या स्मशानात नेलं," तो म्हणाला. "चारुदत्त होता, विनायक आला होता. मी अग्नी दिला. ती घरात नाही. ती कुठेच गेली नाहीये आणि कुठूनही यायची नाहीये. नीलिमा वारली."

नळ वाहत होता. जाळीवर कप होता आणि इराची बशी. सिंकसमोर ऊन पडलं होतं.

इरानं मनगट सोडवून घेतलं. त्यावर त्याच्या बोटांचे वळ होते. "तुम्ही का केलंत असं?" ती अगदी हळू म्हणाली. "ती वळत होती, बाबा. मला तेवढंच पाहिजे होतं. ती वळत होती ना."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. नळ बंद करायला हवा, एवढंच त्याच्या मनात आलं. तो पुढे झाला, आणि तेव्हा मागच्या खोलीतून, जिथं घळ संपत आली होती, तिथून तो हसरा, सर्दी झाल्यासारखा आवाज आला.

"काहीही हं तुमचं."

इरा धावली. निशिकांत तिथंच राहिला, हात नळावर.

"दिसली?" त्यानं विचारलं.

"हो." इराचा आवाज फुटला. "हसत होती."

त्यानं नळ बंद केला. आयुष्यात एकदाच तो पूर्ण खरं बोलला होता, आणि तिनं तेही मानलं नव्हतं.